दोन्ही दिवे

अडतीस वर्षं मी वात्सच्या पोस्टात शिक्के मारले.
उजवं मनगट. ठप्प. ठप्प.
निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं,
जणू यापुढे वेळ बघायचं काही कारण उरणार होतं.

मग एका हिवाळ्यात फेरीबोटीच्या उतारावर
बर्फावरून पाय गेला.
हाड मोडलं नाही. मोडलं ते दुसरंच काहीतरी:
मी भिंत धरून चालू लागले,
भिंत संपली की थांबू लागले.

डॉक्टर म्हणाले, तोल जाईल असं काही करू नका.
शाळेच्या व्यायामशाळेच्या दारावर चिठ्ठी होती:
तलवारबाजी. मंगळवार, गुरुवार. वयाची अट नाही.
शेजारची योलान म्हणाली, म्हातारी घोडी, लाल लगाम.

लगाम पांढरा निघाला.
जाकीट, पाठीवर चेन, कुणाच्या तरी घामाचा जुना वास,
आणि चेहऱ्यावर जाळी.
त्या जाळीमागे
मी कुणाचीच आजी नव्हते.

गेदेऑन मास्तरांनी महिनाभर तलवार दिलीच नाही.
नुसती पावलं. एक पुढे. दोन मागे.
"मागे येणं म्हणजे हरणं नव्हे, एतेल्का.
अंतर आपल्या ताब्यात ठेवणं."
हे मला कुणी पंचविसाव्या वर्षी सांगितलं असतं
तर एक लग्न वाचलं असतं.

मांड्या पेटल्या. घरचा जिना चढताना
मी मास्तरांना मोठ्यानं शिव्या दिल्या.
वर पोचल्यावर लक्षात आलं,
शिव्यांच्या नादात कठडा धरायचा राहून गेला.

मग हाती आली ती. पाऊण किलो पोलाद.
मनगटाला ओळख पटली,
पण इथे ठप्प चालत नाही;
इथे टोकानं पत्ता शोधायचा
आणि पत्ता सारखा हलत असतो.

झोम्बोर अकरा वर्षांचा. दुधाचा एक दात अजून शाबूत.
पहिल्याच लढतीत त्यानं मला बुटाच्या टोकावर टोचलं.
एपेमध्ये सगळं अंगच निशाण,
टाच, कोपर, मुखवटा, काहीही.
साठी बुद्धी नाठी, त्याला वाटलं असेल.
मलाही तसंच वाटत होतं.
पण माझी बुद्धी नुसती बसून होती
काउंटरच्या काचेमागे,
कुणी तिकीट मागायला येईल म्हणून.
आता तिच्यासमोर रांग असते:
हा खरंच येतोय, की आल्यासारखं करतोय?
खांदा काय सांगतोय? पाय काय लपवतोय?

दंडावर जांभळे डाग.
नाताळात मुलगी आली, बाही वर करून म्हणाली,
कुणी मारलं?
झोम्बोरनं, मी म्हटलं. मीही त्याला मारते.
बराच वेळ ती खसखशीच्या पोळीकडे बघत राहिली.

फेब्रुवारीत पुन्हा तोच उतार, तोच बर्फ.
पाय निसटला,
आणि गुडघे आपले आपण वाकले,
डावा हात बटाट्यांच्या पिशवीसकट मागे गेला,
उजवा पुढे, रिकामा,
रोख थेट डॅन्यूबवर.
बोटीवरच्या माणसानं टोपी काढली.
मी रीतसर सलामी दिली.

काल झोम्बोरशी पाच गुणांची लढत. चार-चार.
पाठीमागची वायर सळसळत होती,
बास्केटबॉलच्या जाळीखाली त्याची आई
विणकामाचे टाके मोजायची थांबली होती.
तो आला.
मी या वेळी मागे गेले नाही.

दोन्ही दिवे लागले. लाल आणि हिरवा.
यंत्राला सांगता आलं नाही कोण आधी.
अकरा आणि अडुसष्ट यांच्यात
तेवढंच अंतर उरलं होतं,
सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाहून कमी.

मास्तरांनी दिवे विझवले.
"निर्णायक गुणाला दोघांचा वार धरत नाहीत."

झोम्बोर जाळीमागे हसला; दात दिसला.

"पुन्हा."